म्हातारपट्टीच्या खोलीतल्या मार्थाबाईंस

मार्थाबाई, सलाम.

आपल्या साप्ताहिकाच्या संपादकांनी मजकडे तुमचे चरित्र मागितले. जन्म, शिक्षण, सेवा आणि निधन अशा क्रमाने ते असावे, ही त्यांची सूचना. मी त्यांस सांगितले की पहिल्याच पायरीवर गाडे अडते. या गावात कोण पहाटे जन्मला, कोण ऐन दुपारी जन्मला आणि कोणाच्या वेळी घरात दिव्याला तेल नव्हते, हे सारे तुम्हांस तोंडपाठ होते; परंतु तुम्ही स्वतः केव्हा जन्मलात, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. तेव्हा चरित्र राहू द्यावे आणि मी थेट तुम्हांसच लिहावे, असे ठरले. पत्ता अपुरा असताना अर्ज लिहिण्याचा मला पुष्कळ अनुभव आहे.

प्रथम तुमच्या अंत्ययात्रेचा वृत्तांत देतो, कारण तो तुम्हांस दुसरे कोणी देणार नाही. पेटी कोणी उचलावी यावरून चर्चच्या दारातच बाचाबाची झाली. जो तो म्हणे, "मला बाईंनी काढलं, पहिला खांदा माझा." मिशनच्या दवाखान्यात दाईचे काम शिकून तुम्ही या गावात आलात, तेव्हापासून जन्मलेले निम्मे गाव तेथे उभे होते, त्यामुळे दावेदारांस तोटा नव्हता. अखेर पाळकसाहेबांनी वयाने वडील असतील त्यांस पुढे घेतले. कबरस्तानाचे फाटक अरुंद. पेटी तेथे तिरपी झाली आणि अडकली. कोणी म्हणे मागे घ्या, कोणी म्हणे रेटा. एवढ्यात पाठीमागून कोणीतरी म्हणाले, "बाई असत्या तर वरडल्या असत्या, घाई नगं, डोकं आधी!" सारा जमाव हसला. पाळकसाहेबांनी तोंडापुढे पुस्तक धरले, पण त्यांचे खांदे हलत होते. पेटी डोक्याकडून आत गेली आणि मग मात्र सारे गप्प झाले.

मला त्या शांततेत तुमचा आवाज हवा होता, हे येथे नमूद करतो.

तुमची आणि माझी खरी ओळख लढाईच्या दिवसांतली. मामलेदार कचेरीच्या पायऱ्यांशेजारी पत्र्याच्या आडोशाला माझे अर्ज लिहिण्याचे टेबल असते, हे सर्वांस ठाऊक आहे. मराठी सहावी माझी पुरी झालेली असून सातवीच्या परीक्षेत गणिताच्या दिवशी मला ताप आला नसता, तर मी आज पायऱ्यांच्या वर बसलो असतो. असो. त्या दिवशी तुम्ही आलात, टेबलावर पिशवी आदळलीत आणि म्हणालात, "पंत, लिवा. भिकानं खोली सोडायला सांगितलीया."

भिकाशेट म्हणजे आपल्या पेठेतले गुळाचे आडतदार आणि तुमचे घरमालक. गुळाचे भाव चढले होते. कोपरगावाकडून, राहात्याकडून गाड्या येत आणि ढेपा ठेवायला जागा पुरत नसे. तुमची खोली त्यांस वखारीसाठी हवी होती.

"मानसापरीस ढेपीला भाडं जास्त पडतं, म्हनला," तुम्ही म्हणालात. "दिवाळीपत्तर मुदत दिलीया. ह्या वयात कुटं जाऊ मी? धर्मशाळंच्या वट्ट्यावर?"

मी कागद पुढे ओढला, बोरू शाईत बुडविला आणि माझी नेहमीची पहिली ओळ लिहिता लिहिता मोठ्याने म्हटली: "अर्जदार ही वयोवृद्ध, निराधार, राहावयास हक्काचे छप्पर नसलेली..."

"थांबा. कोन निराधार?"

"तुम्ही, बाई."

"आन ते कशावरनं? निम्म्या गावाची डोकी ह्या दोन हातांनी भायेर आनली. आधार मी हाय, पंत. पुसा ते."

मी तुम्हांस समजावले की अर्जाची एक रीत असते. पहिल्याच ओळीत साहेबाचे मन विरघळले पाहिजे. त्यावर तुम्ही, "विरघळायला सायेब काय खडीसाखर हाय?" असे विचारलेत. पायरीवरचा पट्टेवाला हसला. माझ्या टेबलाशी माझ्या भाषेस कोणी हरकत घेण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्या दिवशी अर्ज झाला नाही. वादच झाला, आणि तो पुढे अनेक दिवस चालला. मी सुचविले की केवळ तुमच्यापुरते मागण्यापेक्षा गावातल्या साऱ्या निवाराहीन वृद्धांसाठी खोल्या बांधाव्यात, आणि त्यासाठी मी एक आवाहन लिहितो, वर्गणी गोळा करू, देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरू. कल्पना माझी होती, हे तुम्ही कधी नाकारले नाहीत. वर्गणी मात्र तुम्ही साफ उडवून लावलीत.

"वर्गनीची खोली न्हाई पायजे. रोज सकाळी उठून दारावरचं नाव वाचायचं आन त्याच्या दुकानावरनं जाताना मान वाकवायची. मग भिकाची खोली काय वाईट हुती?"

"मग पैसा कोठून येणार?"

"पट्टीतनं. दिव्याला पट्टी घेता, गटाराला घेता. रस्त्यावरच्या दिव्याखालनं जाताना तुमी कुनाचं उपकार मानता का? तशी पायजे खोली. भाडं देईन, पर उपकार घेनार न्हाई. आन माज्यासारखं नुसतं म्हातारंच न्हाई, ज्याला कमी मिळतं त्यालाबी पायजे. हमाल, झाडूवाले. पेठंत त्यास्नी भाड्यानं कोन ठेवतंय आता?"

कर ही वस्तू लोकांच्या मनातून उतरलेली आहे आणि दान ही शोभेची, असे माझे म्हणणे होते व आजही आहे. दानाच्या आवाहनात भाषेस जो वाव असतो, तो कराच्या ठरावात नसतो. तुमच्या म्हणण्यात तथ्य होते. माझ्यात सौंदर्य होते. हा वाद आपण मिटविला नाही आणि आता तो मिटणेही नाही.

मग तुम्ही मेंबरांच्या घरोघर फिरलात. दुसरा कोणी असता तर त्यास ओट्यावर बसवून पाणी दिले असते आणि परत पाठविले असते. तुम्ही सरळ माजघरात जात असा. तेथे बसलेल्या म्हातारीस, सुनेस, नातवंडास तुमचा हात लागलेला. मेंबर बिचारा आपल्याच घरात एकटा पडे. ज्या दिवशी म्युनिसिपालिटीच्या सभेत ठराव आला, त्या दिवशी तुम्ही प्रेक्षकांच्या बाकावर येऊन बसलात. घरपट्टीत रुपयामागे एक आणा वाढवावा आणि त्यातून जुन्या गाडीतळाच्या जागेवर वृद्धांसाठी व तुटपुंज्या कमाईच्या लोकांसाठी स्वस्त भाड्याच्या खोल्या बांधाव्यात, असा तो ठराव. भिकाशेट स्वतः मेंबर. ते विरोधाला उभे राहिले आणि म्हणाले की करदात्यांवर हा अन्याय आहे.

"बस खाली, भिका," तुम्ही बाकावरून म्हणालात. "पायाळू जन्मलास तू. तवापासनं समदं उलटंच धरतुयास."

अध्यक्षांनी प्रेक्षकांनी बोलू नये म्हणून घंटा वाजविली. तुम्ही त्यांच्याकडे केवळ पाहिलेत. त्यांस आपल्या जन्माची हकीकत बाहेर येईल असे वाटले असावे, कारण त्यांनी घंटा दूर सारली. ठराव मंजूर झाला. त्या संध्याकाळी पेठेत करास नाव पडले म्हातारपट्टी, आणि ते अजून चालू आहे.

परंतु कर असा ठरावाने लागत नाही. नोटीस लावावी लागते, हरकती मागवाव्या लागतात आणि त्या ऐकून वरच्या साहेबाने मान्यता द्यावी लागते. नोटीस लागली आणि सारी पेठ लोटली ती माझ्या टेबलाकडे. हरकत लिहून देणारा या गावात दुसरा आहे कोण? मी एकेकास बसविले, वाचून दाखविले, सह्या घेतल्या. भिकाशेट पहिले.

हे तुम्हांस कळले आणि तुम्ही माझ्या टेबलापुढून पदर ओढून, मान फिरवून जाऊ लागलात. सलाम बंद. त्या अबोल्याचा मला त्रास झाला. एके दिवशी मी उठून रस्त्यात आडवा आलो आणि म्हणालो, "बाई, जो समोर बसेल त्याचे लिहावयाचे, हा माझा धर्म आहे."

तुम्ही थांबलात. मग म्हणालात, "व्हय, खरंय. दोन सवती एकाच घरात अडल्या तर दाईनं काय एकीलाच सोडवायचं?" आणि पिशवीतून एक पेरू काढून माझ्या हातावर ठेवलात. पुढे कोणीही माझा व्यवसाय इतक्या थोडक्यात मान्य केलेला नाही.

सुनावणीचा दिवस उजाडला. दिवाळी तोंडावर आली होती. तुमचे सामान तुम्ही बांधून ठेवले होते आणि ते कोठे न्यायचे हे मात्र ठरलेले नव्हते. प्रांतसाहेब म्युनिसिपालिटीच्या सभागृहात बसले. आपल्याच मुलखातले, तरुण, गंभीर मुद्रेचे गृहस्थ. त्यांनी हरकतींचा गठ्ठा उलगडला, पहिला अर्ज वाचला, दुसरा वाचला, तिसरा वाचला आणि चष्मा काढून पुसला.

"भिकाशेट कोण?"

"मी, सायेब."

"वय काय आपले?"

"पंचेचाळीस असंल."

"येथे वयोवृद्ध लिहिले आहे." साहेबांनी कागद जवळ धरला. "निराधार आहात?"

"तसं... चार पोरं हायेत."

"राहावयास हक्काचे छप्पर नाही?"

भिकाशेट माझ्याकडे पाहू लागले. मी खिडकीकडे पाहू लागलो. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडले, "बराबर लिवलंय सायेब! छप्पर न्हाई, माडीवर गच्ची हाय!"

हशा थांबता थांबेना. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी एकेकाचे नाव पुकारले. कापडवाले निघाले निराधार, तेलाच्या घाण्याचे मालक निराधार, दोन घरांचे भाडे खाणारे सावकार वयोवृद्ध आणि बेघर. माझी पहिली ओळ प्रत्येक अर्जाच्या शिरोभागी होती, कारण घासून घासून बारीक झालेली, साऱ्या तालुक्यात तपासून पाहिलेली ती ओळ आहे, आणि अर्ज कशाबद्दल आहे यावर पहिली ओळ अवलंबून नसते. साहेबांनी गठ्ठा मिटला.

"ज्यांचा मजकूर खोटा असेल त्यांनी आत्ता सांगावे," ते म्हणाले.

सही केलेल्या सरकारी कागदात खोटे लिहिले, हे कोण सांगणार? साहेबांनी लेखणी उचलली.

"मग या गावातील इतके लोक वृद्ध, निराधार आणि बेघर असतील, तर म्युनिसिपालिटीने योजलेल्या खोल्या फारच थोड्या आहेत. कर मान्य. खोल्या वाढवाव्यात."

बाहेर पायरीवर भिकाशेटनी मला गाठले. "पंत, तुमी मला पैसं घेऊन बेघर केलं!" मी उत्तर जुळवीत होतो, तोच तुम्ही मागून आलात. "घाबरू नगं भिका. खोल्या वाढल्यात. टाक अर्ज." आणि भिकाशेट, मार्थाबाई, हसले. रागात असताना हसू आलेला मनुष्य कसा लाल होतो, ते मी त्या दिवशी पाहिले. त्यांनी तेथेच सांगितले की खोल्या होईपर्यंत बाईंचे सामान हलणार नाही. ढेपा उन्हात वितळल्या तरी बेहत्तर.

ते सामान हलले पुढच्या उन्हाळ्यात, गाडीतळावर. त्यानंतरच्या साऱ्या संध्याकाळी मी कचेरीतून घरी जाताना तुमच्या ओट्यावर टेकत असे. तुम्ही गुळाचा चहा करीत असा आणि तोच प्रश्न विचारीत असा: "पंत, खरं सांगा. मुद्दाम केलं, का चुकून झालं?"

मी दर वेळी सांगितले आणि आज छापून सांगतो की ती चूक नव्हती. मुद्दाम केले असेही माझे म्हणणे नाही. भिकाशेटना मी तो अर्ज वाचून दाखविला, तेव्हा "वयोवृद्ध, निराधार" या शब्दांवर त्यांनी उपरण्याने डोळे टिपले होते आणि मगच सही केली होती. घाणेवाल्यांनी तर तो भाग पुन्हा वाचावयास लावला होता. माझ्या टेबलाशी बसलेल्या एकाही मनुष्याने, तुमच्याखेरीज, ती ओळ नाकारलेली नाही. बाहेरून कोणी कितीही भक्कम दिसो, आतून त्यास तसे वाटत असते; मी केवळ ते लिहितो. तुम्ही यावर हसत असा. एकदा मात्र हसला नाहीत. बशीतला चहा तसाच ठेवून म्हणालात, "जन्मताना समदीच तशी अस्त्यात. म्हनून तर धरायला कुनीतरी उभं ऱ्हावं लागतं." आणि मग लगेच, "पर तुमी चुकलातच," असे म्हणून बशी तोंडास लावलीत.

एक गोष्ट मी कधी बोललो नाही. माझी धाकटी मुलगी जन्मली तेव्हा रडली नाही. मी दाराबाहेर उभा होतो आणि आत तुम्ही तिच्याशी भांडत होता. "रड गं, रड, बापासारखी शब्द शोधीत बसू नगंस!" असे तुम्ही तिला दरडावलेत आणि ती रडली. मी तुम्हांस लुगडे दिले, नारळ दिला, प्रसंगास योग्य अशी काही वाक्ये बोललो. जे बोलावयाचे होते ते राहिले. ती आता नगरास शिक्षिकेचे शिक्षण घेत आहे आणि घरात सर्वांवर ओरडत असते. तिच्या आवाजाबद्दल, मार्थाबाई, मी तुमचा ऋणी आहे. यापेक्षा चांगले वाक्य मला सुचले नाही आणि मी बराच काळ शोधले.

आता तुमच्या मागे जे झाले ते ऐका.

तुम्ही गेल्याच्या आठवड्यातच सभा भरली. भिकाशेट उठले. त्यांचा आवाज बसलेला होता. बाईंची खोली तशीच ठेवावी, त्यांची बाज, कंदील, दवाखान्याची पिशवी सारे जागच्या जागी, भिंतीवर तसबीर आणि दारावर संगमरवरी पाटी. सारा खर्च आपण करू, पट्टीतला एक पैसाही नको, असे ते म्हणाले. ज्याने तुम्हांस एकदा खोली सोडावयास सांगितले, तो आता तुम्हांस तेथून कधीच हलू देऊ इच्छीत नव्हता. साऱ्यांचे डोळे भरून आले. अध्यक्षांनी पाटीचा मजकूर मी लिहावा असे सुचविले.

मजकूर माझ्या खिशात तयारच होता. मी तो रात्रीच केला होता आणि तो उत्तम आहे. पाळकसाहेबांनीही तसे म्हटले. तो वाचावयास मी उभा राहिलो. आणि खोलीसाठी जे अर्ज पडून होते, त्यांतला सगळ्यांत जुना मला आठवला. तो मीच लिहिला होता. तुका हमाल आणि त्याची बायको कोंडाबाई. पोती वाहून तुकाची पाठ गेली; दोघे म्हातारी पाऊसकाळापासून धर्मशाळेच्या ओट्यावर राहत होती. हिवाळा तर आता तोंडावर आला.

मी कागद खिशातच ठेवला. मी म्हणालो, "बाईंच्या खोलीस कुलूप लावले, तर बाई पुन्हा बेघर होतील." इतकेच. माझ्या आयुष्यातले हे सर्वांत आखूड भाषण. भिकाशेट खाली बसले आणि उपरणे तोंडावर ओढून म्हणाले, "द्या कोंडाबाईला. बाई मला वरडल्या असत्या."

पाटीचा मजकूर मजजवळ आहे. कोणास हवा असल्यास मिळेल.

काल संध्याकाळी मी गाडीतळावरून गेलो. सवयीने पाय तुमच्या ओट्याकडे वळले. आत कोंडाबाई होती. तिने तुमची चूल उखडून दुसऱ्या कोपऱ्यात मांडली आहे. तुमच्या मांडणीतली एकही गोष्ट तिला पसंत नाही. तुका दाराशी बाजेवर पडून तिला चुका दाखवीत होता आणि ती त्याला गप्प करीत होती. मी दारात उभा राहून तिला सांगितले की ही खोली मार्थाबाईंची होती. त्यांनीच ही पट्टी लावविली. त्या मोठ्या बाई होत्या. मी आणखीही पुष्कळ सांगणार होतो.

कोंडाबाईने मातीने भरलेले हात तसेच धरून माझ्याकडे पाहिले.

"असतील," ती म्हणाली. "आता आमची हाय. वाईच बाजूला व्हा, उजेड अडतुया."

मी बाजूला झालो.